अपत्ये: नाही

रक्तपेढीतल्या बाईंना सगळं हॉस्पिटल 'नाहीबाई' म्हणायचं, आणि त्यात त्यांचा स्वतःचा काहीच वाटा नव्हता असं म्हणता येणार नाही. सव्वीस वर्षं तळघरातल्या त्या खोलीत त्या एकच काम करत आल्या होत्या. रुग्णाचं रक्त आणि पिशवीतलं रक्त काचेच्या नळीत एकत्र आणायचं, दोघं नांदतात का ते बघायचं, आणि नांदत नसतील तर स्पष्ट 'नाही' लिहून पाठवायचं. चिठ्ठीवर नाव अर्धवट असेल तर नाही. नळीवरचं अक्षर लागत नसेल तर नाही. "बाई, आपल्याच ओळखीतला पेशंट आहे हो," असं म्हणत कुणी लाडीगोडी लावायला आलं तर त्याला दोनदा नाही. घरी त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग न काढताच ते आल्यागेल्याला सांगायचे, "हिने आयुष्यात एकदाच हो म्हटलंय, लग्नाच्या वेळी. तेही तोंडाने नाही, मान हलवून." बाई त्यावर हसायच्या नाहीत. पण चहाचा कप त्यांच्या हातात द्यायच्या, पुढ्यात आदळायच्या नाहीत, त्यावरून राग नाही हे कळायचं.

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता वॉर्डातल्या मावशी नळी आणि चिठ्ठी घेऊन खाली आल्या. चिठ्ठीवर 'तातडीचे' असा शिक्का होता. त्या हॉस्पिटलात सगळंच तातडीचं असायचं, म्हणून बाई शिक्क्याकडे बघत नसत, आकड्याकडे बघत. आकडा होता साडेतीन. धडधाकट बाईच्या अंगात बारा-तेरा हिमोग्लोबिन असतं, हिच्यात साडेतीन. वय एकतीस. काम, शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करणं. आजार, ल्युपस. खाली दोन छापील रकाने. 'यापूर्वी रक्त चढवले आहे का: नाही.' 'अपत्ये: नाही.'

"जिवंत आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे, पण पांढरीफटक पडलीय हो. उशीवर डोकं कुठे संपतं कळत नाही," मावशी म्हणाल्या. "मोठे डॉक्टर आरडाओरडा करताहेत, दोन पिशव्या लगेच पाहिजेत म्हणून."

मोठ्या डॉक्टरांचा आरडाओरडा हा रोजचाच. बाईंनी हातमोजे चढवले.

ल्युपसच्या रुग्णांची रक्तं बाईंना चांगली ओळखीची होती, आणि आवडत अजिबात नव्हती. माणसाच्या रक्तात राखणीसाठी प्रतिपिंडं असतात. बाहेरून जंतू आला की त्याला धरायचं, एवढं त्यांचं काम. या आजारात त्यांचं डोकं फिरतं आणि घरचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं तसं होतं. कुणाचे सांधे धरतात, कुणाची मूत्रपिंडं. या काजंवालीच्या अंगात त्यांनी तिच्या तांबड्या पेशीच धरल्या होत्या. हाडांच्या आत नव्या पेशी तयार होत होत्या आणि बाहेर पडल्या पडल्या मारल्या जात होत्या.

फ्रीजमध्ये तिच्या गटाच्या अकरा पिशव्या होत्या. बाईंनी अकराही पिशव्यांच्या पेशी तिच्या रक्तातल्या पाण्याबरोबर नळ्यांमध्ये घातल्या, अंगाइतक्या गरम पाण्यात ठेवल्या, तीनदा धुतल्या, शेवटचं औषध घालून यंत्रात फिरवल्या. मग एकेक नळी दिव्यापुढे धरून हळूच कलती केली. जुळत असेल तर तळाचा तांबडा ठिपका धुरासारखा अलगद सुटतो. जुळत नसेल तर गठ्ठ्यागठ्ठ्याने उठतो. पहिली उठली. दुसरी उठली. अकराच्या अकरा उठल्या. बारावी नळी खुद्द तिच्याच पेशींची होती, तीही उठली. सख्ख्या पेशींशीही जिचं पटत नाही तिला दुसऱ्याच्या कुठून पटणार? बाईंनी नळ्यांचा स्टँड टेबलावर जरा जोरातच ठेवला.

फोन वाजलाच. "बाई, पिशव्या?"

"एकही जुळत नाही."

"ते मलाही माहीत आहे!" मोठे डॉक्टर तिकडून कडाडले. "तिला कुठलीच जुळणार नाही. स्टिरॉइड सुरू केलंय, त्याला काम करायला चार दिवस लागतील आणि तिच्याकडे चार दिवस नाहीत. सगळ्यांत कमी गठ्ठे होतात ती द्या. मी सही करतो."

डॉक्टर चुकत नव्हते, हाच वैताग होता. चुकत असते तर बाईंनी त्यांना फोनवरच वाटेला लावलं असतं. असल्या रुग्णांना शेवटी न जुळणारंच रक्त द्यावं लागतं. घरच्या कुत्र्याने नव्या पेशीही खाल्ल्या तरी ते तिच्या स्वतःच्या पेशींइतक्याच सावकाश खातं, आणि तेवढ्यात चार दिवस निघतात. धोका दुसराच असतो. त्या सगळ्या गोंगाटामागे आणखी एखादं प्रतिपिंड लपलेलं असलं तर? पूर्वी कधी परक्याचं रक्त अंगात गेलं असेल, किंवा पोटात मूल वाढताना त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं असेल, तर परक्या पेशींवरच्या एखाद्या खुणेविरुद्ध खरंखुरं हत्यार तयार झालेलं असतं. ती खूण असलेली पिशवी दिली की मग सावकाश नाही, तासाभरात सगळं. पण एखादं मूल भोकाड पसरून रडत असलं की खोलीत दुसरं कुणी हुंदके देतंय हे ऐकू येत नाही. नळी सगळ्यांशीच भांडत असते, त्यात ते एक खरं भांडण ओळखायचं कसं?

बाईंनी चिठ्ठी पुन्हा बघितली. रक्त चढवले: नाही. अपत्ये: नाही. म्हणजे परकं रक्त अंगात शिरायला वाटच नव्हती. त्यांनी सातव्या नंबरची पिशवी काढली, तिचे गठ्ठे सगळ्यांत कमी होते. पिशवी टेबलावर ठेवली, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

वीस वर्षांपूर्वी एका ट्रकचालकाच्या वेळी त्यांनी असंच पेन उघडलं होतं. तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते द्या, सही माझी. त्यांनी दिली. संध्याकाळपर्यंत त्या माणसाची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. चौकशी झाली, सही डॉक्टरांची निघाली, बाईंना कुणी शब्दाने बोललं नाही. त्याचाच त्यांना जास्त राग होता. कुणी एकदा कडकडून बोललं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्या यजमानांना म्हणायच्या. नाहीबाई हे नाव त्यानंतरचं.

त्या हातमोजे काढून जिना चढून वर गेल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. हा गाड्यांचे आरसे बसवायचा, बोटांना काळा गोंद लागलेला. शेजारी तिची आई, मांडीवर डबा, झाकण न उघडलेला.

"तुमच्या मिसेसना पूर्वी कधी रक्त चढवलंय?"

"नाही हो."

"मुलं?"

"नाही. मूल नाही आम्हाला." लिहून घेणाऱ्यालाही त्याने हेच सांगितलं असणार, आणि त्याने हेच लिहिलं असणार.

"मुलं नाहीत ते कळलं. दिवस गेले होते का कधी?"

नवरा बुटांकडे बघायला लागला. "एकदा राहिलं होतं," तो म्हणाला. मग गोंद लागलेलं बोट दुसऱ्या हाताने खरवडत म्हणाला, "दोनदा."

"तीनदा," आई म्हणाली. "एक तर पाचव्या महिन्यात गेलं. पाच महिने म्हणजे काही कमी झाले का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणावर काढायचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरा खोटं बोलला नव्हता. लिहून घेणाऱ्याने विचारलं तेच लिहिलं होतं. फॉर्म छापणाऱ्याला काय, त्याने 'अपत्ये' असा एक शब्द छापला आणि मोकळा झाला. तीन वेळा या बाईच्या अंगात दुसऱ्याचं रक्त शिरलं होतं आणि कागदावर त्याचं उत्तर 'नाही' होतं.

"ताई, ती वाचेल ना?" आईने विचारलं.

"बघते," बाई म्हणाल्या. हा शब्द त्या सहसा वापरत नसत.

खरी कुस्ती पुढेच होती. लपलेलं प्रतिपिंड हुडकायचं तर आधी गोंगाट करणारं काढून टाकायला हवं. त्याची रीत आहे. तिच्याच पेशी घ्यायच्या, त्यांना चिकटलेलं सगळं धुऊन त्यांना रिकाम्या करायच्या, आणि तिच्याच रक्तातल्या पाण्यात सोडायच्या. भांडखोर प्रतिपिंडं त्यांना धरून बसतात, पेशी काढून टाकल्या की पाणी तेवढं निवळतं. असं दोनदा, तीनदा. पण त्याला पेशी लागतात, आणि त्या काजंवालीकडे पेशीच नव्हत्या.

"आणखी दहा मिली?" तरुण डॉक्टरीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "अहो, तिला रक्त द्यायचंय, आणि तुम्ही काढायला आलात?"

"द्यायचंय म्हणूनच."

तोवर मोठे डॉक्टर आले. "किती वेळ?"

"चार वाजेपर्यंत."

"तोपर्यंत ती गेली तर?"

"छातीत दुखलं, भान हरपायला लागलं, की फोन करा. त्या मिनिटाला सात नंबरची पिशवी हातात ठेवते, एक शब्द बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "पण तोवर थांबा. तीनदा दिवस गेलेत तिला. तुमच्या कागदावर नाही, तिच्या अंगात."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तरुण डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "काढ दहा मिली."

पुढचे चार तास तळघरात बाई, गरम पाण्याचं भांडं आणि फोन एवढेच होते. पहिली फेरी झाली, पाणी अजून सगळ्यांशी भांडत होतं. फोन. दुसरी फेरी झाली, भांडण मंदावलं, थांबलं नाही. फोन, त्यापाठोपाठ आणखी एक फोन, कुठल्यातरी खात्याचा, उद्याच्या बैठकीत खुर्च्या किती लागतील म्हणून. बाईंनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंचा जेवणाचा डबा तसाच राहिला. त्यांनी तिसरी फेरी लावली.

पावणेचारला त्यांनी निवळलेलं पाणी तपासायच्या पेशींच्या अकरा बाटल्यांवर टाकलं. कुठल्या बाटलीतल्या पेशींवर कुठल्या खुणा आहेत त्याचा तक्ता त्या बाटल्यांबरोबर येतो. दिव्यापुढे नळ्या कलत्या केल्या. यावेळी सगळ्या उठल्या नाहीत. काही सुटल्या धुरासारख्या, काही उठल्या. बाईंनी तक्त्यावर पट्टी ठेवली. उठल्या त्या सगळ्यांवर किड नावाची खूण होती, सुटल्या त्यांच्यावर नव्हती. नीट, निखालस. हुंदके देणारं दुसरं मूल सापडलं होतं.

मग त्यांनी फ्रीजमधल्या अकरा पिशव्या त्या खुणेसाठी तपासल्या. आठांवर खूण होती, तीनांवर नव्हती. सातव्या नंबरच्या पिशवीवर होती.

सकाळी जिच्यासाठी पेन उघडलं होतं तीच ती सात नंबर. बाई स्टुलावर बसल्या. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

आता तीनांतली एक पिशवी पाठवायची, एवढंच राहिलं होतं. पण ते एवढंच नव्हतं. वर्षभरापूर्वी रक्तपेढीत संगणक आला होता. पिशवी बाहेर जायची तर पडद्यावर 'जुळते' दाबायचं, तेव्हा लेबल छापून येतं. 'जुळत नाही' दाबलं की पडदा लाल होतो आणि पिशवी अडकते. आणि ही पिशवी जुळत नव्हतीच. घरच्या कुत्र्याशी कुठलीच जुळत नव्हती, फक्त जीव घेणारी नव्हती इतकंच. त्याला तिसरं बटण नव्हतं.

"दाबा ना जुळते," खिडकीवरचा कारकून म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"अहो, बाई मरतेय वर आणि तुम्ही..."

"म्हणूनच. उद्या तिला दुसरी पिशवी द्यायची वेळ आली तर कुणीतरी हा पडदा बघेल, कालची जुळली होती म्हणेल, आणि फ्रीजमधली हाताला येईल ती देईल."

त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांचं पुस्तक कपाटातून शोधून काढलं, हाताने लिहिलं: 'जुळत नाही. किड खूण नसलेली पिशवी. सावकाश द्यावी, पहिली पंधरा मिनिटं जवळ बसावं.' खाली सही केली. कारकून म्हणाला, अशी पिशवी मी खिडकीतून देणार नाही. तेव्हा बाईंनी ती स्वतः छातीशी धरली आणि जिना चढल्या. पहिली पंधरा मिनिटं त्याच जवळ बसल्या. तिची लघवी स्वच्छ राहिली.

दोन दिवसांनी आकडा सहावर गेला, मग सातवर. स्टिरॉइड कामाला लागलं. आणि बाईंच्या टेबलावर एक लेखी पत्र आलं: संगणकीय प्रणाली डावलून न जुळणारे रक्त का दिले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

शनिवारी बाई एक लहानसं कार्ड घेऊन वॉर्डात गेल्या. हे कार्ड तिने आयुष्यभर जवळ ठेवायचं होतं. कुठल्याही गावात, कुठल्याही हॉस्पिटलात रक्त लागलं तर आधी हे दाखवायचं. काजंवाली उशीला टेकून बसली होती. गालांवर ल्युपसचा तो ओळखीचा लाल पट्टा, अंगठ्याला सुईचे जुने घट्टे.

"तुम्हीच नाहीबाई ना?" ती म्हणाली. "मावशी सांगत होत्या. माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलात म्हणे."

"मी रोजच भांडते, तुझ्यासाठी वेगळं काही नाही," बाई म्हणाल्या आणि पेन काढलं. "दिवस किती वेळा गेले होते? तीन ना?"

ती दाराकडे बघत राहिली. नवरा औषधं आणायला गेला होता.

"चार," ती म्हणाली. "चौथ्याचं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत सगळं घर रडलं असतं. मी कारखान्यात गेले आणि दिवसभर काजं करत बसले."

बाईंनी चार लिहिलं.

"एक विचारू? डॉक्टर म्हणतात, माझंच रक्त माझ्यावर उठलंय." तिने चादरीची कड दोन बोटांत धरली आणि शिलाई तपासावी तशी चाचपत राहिली. "ते बाळांवरही उठलं होतं का?"

तिच्या फाइलमध्ये आणखी एक रिपोर्ट होता. बाईंनी तो वाचला होता. ल्युपसमध्ये आणखी एक प्रतिपिंड निघतं, ते वारेतल्या बारीक नसांत गुठळ्या करतं आणि पोटातल्या बाळाला मिळणारं रक्त तोडतं. तिच्यात ते निघालं होतं, भरपूर. चारपैकी एकाही वेळी ते कुणी तपासलं नव्हतं.

"नाही म्हणा ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तर मला पटेल."

दिवसातून चाळीस वेळा म्हणायचा तो शब्द. वीस वर्षांत तो कधी अडखळला नव्हता. बाईंनी ओठ उघडले, पण तो बाहेर येईना. शेवटी त्या तिच्या कॉटवर बसल्या, वॉर्डात कॉटवर बसायचं नाही असं त्याच सगळ्यांना सांगायच्या.

"उठलं असेल," त्या म्हणाल्या. "त्यात तुझा दोष नव्हता. तू काही केलं नाहीस आणि काही करायचं सोडलंही नाहीस. त्यावर औषधं आहेत. मी मोठ्या डॉक्टरांना आजच सांगते, तुझ्याजवळ बसून सगळं नीट बोलायला. ते बोलले नाहीत तर मला सांग."

 तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज रडका नव्हता, रागाचा होता.

"औषधं होती?" ती म्हणाली. "मग चार वेळा मला कुणी विचारलं का नाही?"

 कार्ड तिच्या उशाशी ठेवून बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या, त्यांना ऐकवायचं ते सगळं ऐकवलं, आणि मग तळघरात आल्या. खुलाशाचं पत्र टेबलावर तसंच होतं. ते त्यांनी बाजूला सारलं. कोपऱ्यात फॉर्मचा नवा गठ्ठा आला होता, दोनशेंचा, अजून दोरी न सोडलेला. त्यांनी दोरी तोडली, पहिला फॉर्म पुढे ओढला, 'अपत्ये' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दिवस किती वेळा गेले होते?' मग दुसरा घेतला. मग तिसरा.

खिडकीतून कारकून डोकावला. "बाई, छापील फॉर्म खराब करताय! वरून विचारतील हं."

"विचारू देत," बाई मान वर न करता म्हणाल्या. "एकदा कुणीतरी काहीतरी विचारू दे." आणि त्यांनी चौथा फॉर्म ओढला.